पॉज बटणाच्या बाजूने

"असले गेम खेळून कुणी पायलट होत नाही. ती जॉयस्टिक घरी पाठवून दे."

माझ्या मावसबहिणीला तिच्या इन्स्ट्रक्टरांनी हॉस्टेलच्या व्हरांड्यात हे सुनावलं, तेव्हा तिच्या लॉगबुकात एकोणीस तास होते आणि सोळा दिवसांत ती एकदाही उडाली नव्हती. आधी एक विमान दुरुस्तीला गेलं, मग सकाळचं धुकं, मग इंधन आलं नाही, मग सर रजेवर. राज्याबाहेरचं फ्लाइंग स्कूल. फीसाठी काकांनी रस्त्यालगतची दीड एकर विकली आणि उरलेल्याचं कर्ज काढलं. भारतात कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च आता पन्नास लाखांच्या आसपास जातो. एवढे पैसे देऊन ही मुलगी सोळा दिवस पलंगावर बसून होती. त्या सोळा दिवसांत ती जे करू शकली असती, तेच तिला करू नको म्हणून सांगितलं गेलं.

मला या वाक्याचा राग आहे. पण त्या सरांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. तेव्हा आधी ते सांगतो.

मी पुण्यात सर्व्हर-साइड कोड लिहितो. लायसन्स नाही, व्हायची शक्यताही नाही. एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर मिळून माझे अकराशेच्या वर तास झालेत. तीन वर्षांपूर्वी वाढदिवसाला स्वतःलाच भेट म्हणून इन्स्ट्रक्टरसोबत सेसना १७२ मध्ये पाऊण तास उडालो. आपल्याला येतंच, असं मनात होतं. थ्रॉटल पुढे ढकलला आणि नाक डावीकडे पळालं. पुढे एकच पंखा असलेलं विमान टेकऑफला डावीकडे ओढ खातं, उजव्या पायाने रडर दाबून ते सरळ ठेवायचं, हे मला पुस्तकासारखं पाठ होतं. पाय हललाच नाही. घरच्या टेबलाखाली पेडल नव्हते आणि सॉफ्टवेअरमधलं ऑटो-रडर कायम चालू. वर गेल्यावर मी अल्टिमीटरकडे डोळे लावून बसलो, कारण घरी स्क्रीनवर तेवढंच स्पष्ट दिसतं. तीन-चार मिनिटांनी इन्स्ट्रक्टरांनी खिशातला कागद काढून यंत्रं झाकली आणि म्हणाले, "बाहेर बघ. क्षितिज तिकडे आहे."

ट्रिमची गोष्ट त्याहून वाईट. खऱ्या विमानात योक धरून ठेवला की हाताला भार जाणवतो, आणि ट्रिमचं चाक फिरवून तो भार नाहीसा करायचा असतो. आधी विमान हवं तिथे धरायचं, मग ट्रिम. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते, ती विमानाची अवस्था काहीही असो, मधेच येऊन बसते. हाताला कळण्यासारखं काही नाही. मग घरी खेळणारा माणूस ट्रिमनेच विमान वरखाली करायला शिकतो. ही सवय मोडायला विमानात तास जातात, आणि विमानातल्या एका तासाला पंधरा-वीस हजार रुपये पडतात. लँडिंगच्या आधी वळण घेताना डाव्या खांद्यावरून मागे बघून धावपट्टी शोधायची असते. सत्तावीस इंची मॉनिटरला खांदा नाही.

तेव्हा हे मान्य: लँडिंगचा फ्लेअर, रडर, स्टॉलच्या आधीची ती पार्श्वभागाला जाणवणारी थरथर, बाहेर बघून उडणं, यांतलं काहीही घरी शिकू नका. पहिले दहाबारा तास व्हायच्या आत एकट्याने तर मुळीच नको. इथपर्यंत सरांना माझा नमस्कार.

पण इथून "घरी पाठवून दे"पर्यंत उडी कशी मारली?

"खेळणं" हा शब्द या धंद्यात जुना आहे, आणि तो कुणाला लावला गेला होता बघा. एडविन लिंक नावाचा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनचा तरुण. वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना. १९२० साली त्याने पहिला उडायचा धडा घेतला, चार्ली चॅप्लिनच्या भावाच्या, सिडनी चॅप्लिनच्या विमान कंपनीत. पन्नास डॉलर मोजले आणि तासभरात त्याला दांड्याला हातही लावू दिला नाही. (शंभर वर्षांत या व्यवसायाची ग्राहकसेवा फारशी बदललेली नाही.) उडणं परवडत नाही म्हणून त्याने ऑर्गनचे हवेचे भाते वापरून जमिनीवरच डुलणारं एक विमान बनवलं, १९२९ पर्यंत ते तयार झालं. फ्लाइंग स्कूलनी ते हसण्यावारी नेलं आणि त्याला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं मनोरंजन बागांना विकावं लागलं. मग १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहायचं काम पडलं. हिवाळा, ढग, रात्र, आणि फक्त यंत्रं बघून उडायचा सराव नाही. काही आठवड्यांत एकामागून एक माणसं मेली. त्याच वर्षी सैन्याने लिंकची सहा खेळणी विकत घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तशी दहा हजारांच्या आसपास बनली.

आता लक्ष द्या, लिंकच्या त्या निळ्या डब्यात बाहेरचं दृश्यच नव्हतं. झाकण लावलं की आत अंधार आणि यंत्रं. खऱ्या विमानासारखा तो अजिबात नव्हता, आणि तरी त्याने जीव वाचवले, कारण जे शिकवायचं होतं ते यंत्रं वाचणं होतं आणि तेवढं तो चोख शिकवायचा. म्हणून "हे किती खरं वाटतं?" हा प्रश्न मला फोल वाटतो. खरं वाटणं मायक्रोसॉफ्ट विकतं. आपण विचारायचं ते असं: यातून नेमकं कोणतं काम शिकायचंय?

एअरलाइनवाले तरी दुसरं काय करतात? अनुभवी वैमानिक नव्या प्रकारचं विमान शिकतो तेव्हा बऱ्याचदा सगळं प्रशिक्षण सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये होतं. ते खरं विमान तो पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा मागे तिकीट काढलेले प्रवासी बसलेले असतात. ते यंत्र कोट्यवधींचं, हलणारं, प्रमाणित. माझ्या टेबलाशी त्याची बरोबरी नाही हे कबूल. पण तेही सगळं शिकवत नव्हतं. २००९ साली अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान स्टॉल होऊन पडलं, त्यानंतर कुठे २०१३ च्या नियमाने पूर्ण स्टॉलचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, आणि ते द्यायला सिम्युलेटरांची गणितं सुधारावी लागली, कारण स्टॉलच्या पलीकडे विमान कसं वागतं हे त्यांना नीट दाखवता येत नव्हतं. प्रत्येक सिम्युलेटर कुठेतरी खोटं बोलतो. शिक्षकाला ते "कुठे" माहीत असलं पाहिजे, एवढंच.

यावर संशोधनही कधीचं झालंय. १९७३ साली पोव्हनमायर आणि रॉस्को यांनी मोजून दाखवलं, की जमिनीवरच्या ट्रेनरमधले पहिले तास विमानातला वेळ भरपूर वाचवतात आणि पुढे पुढे हा फायदा घटत जातो. नव्वदच्या दशकात इलिनॉय विद्यापीठात साध्या पीसीवर चालणारी साधनं तपासली. यंत्रांवर उडण्याचं नवं काम शिकताना फायदा स्पष्ट दिसला, आधीच शिकलेलं पुन्हा गिरवताना तसा दिसला नाही. म्हणजे माझ्या अकराशे तासांतले हजारेक निव्वळ करमणूक होते. ठीक आहे, मी करमणूक म्हणूनच पैसे दिले होते. पण पहिल्या पन्नास तासांचं काय? ते जर योग्य वेळी, योग्य धड्याला लावले असते तर?

अमेरिकेच्या एफएएने हा हिशोब नियमात बसवलाय. मान्यताप्राप्त प्राथमिक ट्रेनरवरचे दहा तास इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी धरतात, प्रगत ट्रेनरवरचे वीस. त्यातली कित्येक उपकरणं आतून पीसीच असतात, घरच्यासारखंच सॉफ्टवेअर, वर प्रमाणित कंट्रोल. अट एवढीच की इन्स्ट्रक्टर शेजारी हजर असला पाहिजे आणि त्याने सही केली पाहिजे. आपल्याकडेही डीजीसीए इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या चाळीस तासांतले वीसपर्यंत मान्य सिम्युलेटरवर चालवून घेतं. घरच्या पीसीला शून्य.

आता माझे सिमवाले मित्र माझ्यावर चिडतील, पण मला ते शून्य शून्यच राहायला हवंय. घरचे तास मोजायला लागले की काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. २०११ साली खोट्या गुणपत्रिका आणि फुगवलेले उड्डाणतास यांची प्रकरणं देशभर गाजली होती. विमानाचे तास जिथे फुगतात तिथे बेडरूममधल्या तासांचे तर डोंगर होतील. दोनशे तास दोनशेच राहू देत. माझं म्हणणं एवढंच, की विमानातला प्रत्येक तास मुलीने तयारीने घ्यावा. आणि तयारीसाठी पॉज बटणासारखी गोष्ट नाही.

होल्डिंगचं उदाहरण घ्या. एका बिंदूभोवती लंबगोल घिरट्या घालत थांबायचं. त्यात शिरायच्या तीन पद्धती, कोणती लागू हे तुम्ही कुठल्या दिशेने येताय त्यावर ठरतं. विमानात हे पहिल्यांदा शिकताना कानात इंजिन, रेडिओवर दुसराच कुणी बोलतोय, वारा ढकलतोय, आणि विमान सेकंदाला पन्नासेक मीटर पुढे चाललंय. चुकलं की चूक संपेपर्यंत बघत बसायचं, मीटर चालू. घरी मी माझ्या बहिणीला दर तीस सेकंदांनी थांबवायचो. पॉज. कागदावर काढून दाखव, तू कुठे आहेस? वारा कुठून? पुढचं हेडिंग काय? आमच्या धंद्यात याला ब्रेकपॉइंट म्हणतात आणि त्याच्याशिवाय चालू प्रोग्राममधली चूक शोधणाऱ्याला आम्ही वेड्यात काढतो. उडत्या विमानाला ब्रेकपॉइंट लावता येत नाही. तरी बिघाड तिथेच शोधायचा, हा हट्ट कशासाठी?

आणि रेडिओ. यावर कुणी बोलत नाही, कारण बोलणारे बहुतेक कॉन्व्हेंटचे. आमची ही पोर तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकली. गणित-भौतिकशास्त्रात पक्की, हवामानशास्त्राचा पेपर पहिल्या झटक्यात काढला. पण बटण दाबून टॉवरशी इंग्रजीत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. कंट्रोलर एका दमात वारा, धावपट्टी, दाब, परवानगी सांगणार आणि हिने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. चुकलं की तो पुन्हा विचारणार, फ्रिक्वेन्सीवरचे सगळे ऐकणार. हिच्या एका सर्किटमध्ये अर्धं डोकं पुढच्या वाक्यात अडकलेलं. मग उंची सुटते, वेग सुटतो, आणि सरांच्या शेऱ्यात लिहिलं जातं, "हँडलिंग कच्चं". हँडलिंग कच्चं नव्हतं हो, ती घाबरलेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहिली. ती हॉलमध्ये लॅपटॉपवर, मी स्वयंपाकघरातून फोनवर टॉवर. सुरुवातीला मी हळू बोलायचो. मग कंट्रोलरच्या वेगाने. मग कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. मग मुद्दाम चुकीची धावपट्टी द्यायचो, ती पकडते का बघायला. आठव्या की नवव्या दिवशी तिने मला खडसावलं, "निगेटिव्ह, वारा बघा सर." मावशी पदराने डोळे पुसत होती, कांदा चिरत होती म्हणून म्हणे. यात लॅपटॉपवरचं विमान किती अस्सल उडत होतं याने काडीचा फरक पडला नाही.

सरांवर माझा खरा राग हा आहे, की विद्यार्थी घरी काय करतात हे त्यांनी विचारलंच नाही. हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी सिम चालवतोय. तुम्ही बंदी घालता, मग तो रात्री चोरून चालवतो, एकटा, ऑटो-रडर लावून, लँडिंग मारत. म्हणजे नेमकं जे करू नये तेच. आणि ही पोकळी भरायला बाहेर दुकानदार तयारच. इन्स्टाग्रामवर "घरबसल्या पायलट" म्हणून कोर्स विकणाऱ्यांना मी सरांपेक्षाही धोकादायक मानतो. एअरबसच्या स्क्रीन दाखवून ते बारावीच्या पोराला पटवतात की कौशल्य झालंच आहे, आता फक्त लायसन्सचा कागद बाकी. त्या पोराला रडर काय ते कळायच्या आत वडिलांचं कर्ज मंजूर झालेलं असतं.

फ्लाइंग स्कूलने करायचं फार थोडं आहे. एक खोली, दोन पीसी, पेडलसकट कंट्रोल. या सगळ्याला उडायच्या काही तासांइतकाच खर्च येतो. कोणत्या टप्प्यावर कोणता धडा सिमवर करायचा आणि कोणता करायचा नाही, याचं एक पान. आणि पाऊस, धुकं, दुरुस्तीत विमान अडकलं की जे इन्स्ट्रक्टर कँटीनमध्ये चहा पीत बसतात, त्यांच्यापैकी एकाने तासभर शेजारी बसायचं. सही नको, लॉगबुकात नोंद नको, फीची नवी पावती तर अजिबात नको.

जॉयस्टिक तिने घरी पाठवली नाही. बॅगेत तळाशी, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलीय. गेल्या महिन्यात ती सोलो उडाली. लँडिंग सरांनीच शिकवलं, आणि उत्तम शिकवलं, हे तिने मला दोनदा बजावून सांगितलं. परवा तिचा मेसेज आला, शेजारच्या खोलीतल्या दोघी रात्री रेडिओच्या सरावाला येतात, टॉवर तीच होते, आणि त्या दोघींना जुने पेडल कुठे स्वस्तात मिळतील का विचारतेय. कुणाकडे पडून असतील तर कळवा.