वरणात पाणी किती?

मागच्या आठवड्यात एक मेल आला. ऑडिओ सीरीज बनवणाऱ्या एका कंपनीचा. माझी गोष्ट त्यांना चक्क आवडली होती! चालू मीटिंगमध्ये, टेबलाखाली मोबाइल धरून मी तो तीनदा वाचला. (बॉसला वाटलं असणार, नोट्स घेतेय.) चौथ्यांदा वाचताना शेवटची ओळ दिसली. भाग हवेत ४०. पैसे भागागणिक. आणि माझी गोष्ट कितीही ओढली तरी १५ भागांत संपते.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतोच ना आपण? घाल की थोडं!"

थोडं? १५ चे ४० म्हणजे नुसतं हळदीचं पाणी, आई!

त्या रात्री झोप येईना म्हणून जॉर्ज गिसिंगची 'न्यू ग्रब स्ट्रीट' काढली. १८९१ सालची इंग्रजी कादंबरी. एम.ए.ला परीक्षेपुरती वाचली होती, तेव्हा जाम बोअर झाली होती. आता भाडं, हप्ते आणि डेडलाइन या तिन्ही गोष्टी अंगावर आल्यावर वाचली, तर पोटात गोळा आला. एडविन रीअर्डन नावाचा लेखक. लंडनमधलं भाड्याचं घर, बायको, तान्हं मूल आणि संपत आलेले पैसे. त्याला कादंबरी पुरी करायचीय आणि ती तीन खंडांची व्हायलाच हवी. आतली गोष्ट आटलीय. तरी हा रोज पानांचा हिशेब मांडून बसतो, संवाद लांबवतो आणि लिहिलेलं फाडून पुन्हा लिहितो. (माझ्या या कॉलमला ८०० शब्द लागतात. संपादक मोजतात. तेव्हा मला त्याच्यावर हसायचा काही अधिकार नाही.)

पण तीनच खंड का? दोन का नाहीत? हे कुणी ठरवलं?

१८२१ साली वॉल्टर स्कॉटची 'केनिलवर्थ' तीन खंडांत आली, किंमत साडेएकतीस शिलिंग. नव्या कादंबरीचा हाच भाव पुढे सत्तरेक वर्षं टिकला. आता साडेएकतीस शिलिंग म्हणजे किती? डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मधला गरीब कारकून बॉब क्रॅचिट आठवतो ना? त्याचा पगार आठवड्याला १५ शिलिंग. म्हणजे बिचाऱ्याने दोन आठवडे घरात चूल पेटवली नाही, तरी एक कादंबरी घ्यायला दीड शिलिंग कमीच पडणार! तुमचा-माझा अर्ध्या महिन्याचा पगार एका पुस्तकावर घालवायचा, असा तो मामला.

मग लोक वाचायचे कसे? वर्गणी भरून! चार्ल्स एडवर्ड म्यूडी नावाच्या गृहस्थाने १८४२ मध्ये लंडनमध्ये लायब्ररी काढली. वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरायची आणि एका वेळी एक खंड घरी न्यायचा. खरी गोम इथेच आहे. एक कादंबरी नाही, एक खंड! पुस्तक तीन तुकड्यांत असलं की एकाच प्रतीवर तीन घरांची करमणूक होते. आणि 'आता पुढे काय' या काळजीने जीव जात असेल, तर जास्त पैशांची वर्गणी होतीच. (आपले सबस्क्रिप्शन प्लॅन काय वेगळे असतात?) म्यूडी पुस्तकं उचलायचा तीही शेकड्याने, अर्थात घसघशीत सवलतीत. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीसीज'च्या त्याने १८५९ मध्ये ५०० प्रती घेतल्या होत्या. एवढं मोठं गिऱ्हाईक तीन खंड मागतंय म्हटल्यावर प्रकाशक लेखकाला दुसरं काय सांगणार?

बरं, लांबीच नव्हे, मजकूरही म्यूडीच्याच चाळणीतून जायचा. लायब्ररीचं नावच 'सिलेक्ट लायब्ररी', म्हणजे घरातल्या मुलीबाळींच्या हातात बिनधास्त द्यावीत अशी निवडक पुस्तकं. जॉर्ज मूरची 'अ मॉडर्न लव्हर' १८८३ मध्ये आली. गावाकडच्या दोन बायकांनी तक्रार केली, या कारणावरून म्यूडीने ती आडबाजूला टाकली. मूर असा भडकला की पुढची कादंबरी त्याने सरळ एका खंडात, स्वस्तात काढली आणि १८८५ मध्ये म्यूडीविरुद्ध एक पत्रकही छापलं. असे भांडकुदळ लोक मला फार आवडतात. पण भांडण परवडायला लागतं. रीअर्डनला ते परवडत नव्हतं.

डिकन्सने आधीच वेगळी वाट काढली होती. १८३६ मध्ये 'पिकविक पेपर्स' महिन्याला एक शिलिंग अशा सुट्या भागांत यायला लागली. शुद्ध ईएमआय! पहिला भाग छापला हजारभर, शेवटचे खपले ४० हजारांच्या घरात. आता गंमत बघा. दर महिन्याची पानं भरायचं ओझं डिकन्सवरही होतंच. त्या भरतीत चौथ्या भागात सॅम वेलर हा बूट पुसणारा टपकला आणि तिथून खप चढत गेला. म्हणजे पाणी घालता घालता कधी वरण जास्त चवदारही होतं? हे आठवलं आणि माझी झोप आणखी लांबली.

तीन खंडांचा शेवट कुणा लेखकाने केला नाही. जून १८९४ मध्ये म्यूडी आणि रेल्वे स्टेशनांवर पुस्तकं विकणारे डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी मिळून प्रकाशकांना कळवलं, की यापुढे खंडाला चार शिलिंगांच्या वर देणार नाही. कारण? कपाटं न फिरणाऱ्या पुस्तकांनी भरली होती आणि स्वस्त आवृत्त्या लगेच बाजारात येत होत्या. झालं! १८९४ मध्ये तीन खंडांच्या १८४ कादंबऱ्या निघाल्या होत्या, १८९७ मध्ये उरल्या चार. दुकानदाराने आणलेली पद्धत दुकानदारानेच मोडली.

या स्टेशनवाल्या धंद्याशी तर आपलंही नातं आहे. लोकल पकडताना ज्या व्हीलरच्या स्टॉलवर आपण मासिकं चाळली, त्याच व्हीलरने १८८८ मध्ये अलाहाबादहून 'इंडियन रेल्वे लायब्ररी' ही मालिका काढली. एक रुपयाची पातळ पुस्तकं, आत रुडयार्ड किपलिंगच्या कथा. किपलिंग मूळचा मुंबईत जन्मलेला. तेव्हा तो विशीतला पत्रकार होता. तिथे माप प्रवासाचं होतं, म्हणून गोष्टी छोट्या. तो सुटला म्हणायचा!

रीअर्डन सुटत नाही. शेवटी तो लेखन सोडून पुन्हा एका हॉस्पिटलात कारकुनी धरतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचा. आणि हे सगळं लिहिणाऱ्या गिसिंगची स्वतःची 'न्यू ग्रब स्ट्रीट'? तीन खंडांत! हक्क विकून हातात आले १५० पौंड.

काल रात्री मी कंपनीला उत्तर लिहिलं. 'गोष्ट १५ भागांची आहे. फार तर १८.' मग १८ खोडून २० केले. मग परत १८. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय. घराचा हप्ता ५ तारखेला कापला जातो. आणि आईचा आज परत फोन होता, "किती घातलंस?"