भीती टॉवरची, धोका विडीत

गावात मोबाईलचा टॉवर उभा राहणार म्हटलं की ग्रामपंचायतीकडे अर्ज जातात: रेडिएशन नको, कॅन्सर होतो. पोराबाळांच्या जिवाची काळजी करणाऱ्याला अडाणी म्हणणं उद्धटपणाचं आहे. पण अर्जातला मुद्दा चूक आहे आणि ही चूक महागात पडते. बिद्रीपासून निपाणीच्या तंबाखूपट्ट्यापर्यंत, खरा किरणोत्सर्ग ज्या वाटेनं माणसाच्या छातीत शिरतो त्या वाटेकडे आपलं लक्षच जात नाही.

आधी टॉवरचं बघू. अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढं बळ असलेल्या किरणांना आयनीकारक म्हणतात. पेशीतला डीएनए ते थेट तोडू शकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीच्या एका कणात याच्या दहा लाखाव्या भागाइतकीही ऊर्जा नसते. टॉवर दहा झाले तरी लहरी वाढतील, एकेका कणाचं बळ वाढणार नाही. यावर जाणकार विचारतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनंच २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं ना? म्हटलं. पण तो गट तोकड्या पुराव्याचा आहे, आणि तो तोकडा पुरावाही कानाला लावलेल्या फोनचा. टॉवरबाबत तोही अपुरा. त्याच संस्थेच्या पक्क्या पुराव्याच्या गटात क्ष-किरण आहेत, गॅमा किरण आहेत आणि तंबाखूचा धूर आहे.

त्या धुरात नुसती विषारी रसायनं नाहीत. १९६४ मध्ये एडवर्ड रॅडफर्ड आणि विल्मा हंट या हार्वर्डच्या संशोधकांनी सिगारेटच्या धुरात पोलोनियम-२१० असल्याचं दाखवलं. जमिनीतल्या युरेनियमचा क्षय होत होत रेडॉन वायू तयार होतो. तो हवेत येतो आणि पुढे त्याचं शिसं-२१० बनतं. तंबाखूच्या पानावरची चिकट लव या शिशाचे कण धरून ठेवते. फॉस्फेट खतातूनही काही वाटा येतो. या शिशाचं अर्धायुष्य २२ वर्षं, त्यापासून बनणाऱ्या पोलोनियमचं १३८ दिवस. म्हणून पान वाळवून पोत्यात वर्षभर ठेवलं तरी आतलं शिसं नवं पोलोनियम पुरवतच राहतं. पेटत्या टोकाच्या उष्णतेनं ते उडून धुरात मिसळतं.

पोलोनियम अल्फा कण सोडतं. हा कण जड असतो, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा, आणि साध्या कागदानं किंवा कातडीच्या वरच्या मृत थरानं अडतो. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्याला काही मिलिमीटर अॅल्युमिनियम पुरतं. गॅमाला मात्र शिशाचा किंवा काँक्रीटचा जाड थर लागतो. यावरून अल्फा निरुपद्रवी असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे. श्वासनलिकेच्या आत मृत कातडी नसते. तिथं अल्फा कण आपली सगळी ऊर्जा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत, मोजक्या जिवंत पेशींवर ओततो. धुरामुळे होणाऱ्या कर्करोगात मोठा वाटा रसायनांचाच, हे मान्य. पण पोलोनियम त्यात भर घालतं.

यावर ‘आमचा आज्जा नव्वदीपर्यंत विडी ओढायचा’ हे उत्तर ठरलेलं. पन्नाशीत खोकत गेलेल्यांची नावं त्याच घरात, त्याच भावकीत कुणी मोजत नाही.

आणि किरणोत्सर्ग या शब्दाला सरसकट घाबरणंही तितकंच घातक. आपल्या अंगातल्या पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू क्षय पावतात, जन्मापासून. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कर्करोगाची गाठ जाळतात. ‘किरण नकोत’ म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणारा रुग्ण किरणांनी मरत नाही, भीतीनं मरतो.

तंबाखूच्या धोक्याचा दोष पिकवणाऱ्यावर नाही. भाव मागणाऱ्या त्याच शेतकऱ्यांवर १९८१ मध्ये निपाणीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना दुसरं परवडणारं पीक मिळवून द्यायचं काम सरकारचं आहे, आणि ते मागायला हवं.

टॉवरच्या जनरेटरचा आवाज होत असेल, जागेचा करार चुकीचा असेल, तर तक्रार जरूर करा. पण कर्करोग टाळायचा असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तंबाखू सोडायला मदत करणारा हा सरकारी क्रमांक आहे.