गाव ओस पडले, माणसे कोठे गेली?



अलीकडे पुष्कळ घरांतून एक नवाच विषय निघू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते, वर्ष-दोन वर्षे नोकरी करते, आणि एके दिवशी जेवणाच्या वेळी सांगते, ‘मला यूट्यूबवर प्रवासाचे चॅनल चालवावयाचे आहे.’ तेही काश्मीर-केरळाचे नव्हे. ओस पडलेल्या गावांचे आणि ज्यांची नावे कोणी घेत नाही अशा लहान शहरांचे. आईबापांस काय बोलावे ते सुचत नाही. आम्हांस विचाराल तर हा छंद वाईट नाही. ताजमहालाची चित्रे पुष्कळ झाली. पडक्या वेशीची चित्रे अद्याप व्हावयाची आहेत. मात्र या उद्योगात एक खाचखळगा आहे, आणि आज त्याविषयीच लिहावयाचे आहे.

साधनांचा भाग सोपा. आमच्या करोल बागेतील गफ्फार मार्केटात एक फेरी मारली, की तिपाई, कॉलरला अडकवावयाचा माईक, लहान दिवा आणि जादा बॅटरी एवढे सारे एका पिशवीत घेऊन घरी येता येते. कॅमेऱ्याचे काम बहुतेक जण फोनवरच भागवितात. उत्पन्नाचा भाग तितका सोपा नाही. जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी चॅनलला किमान १,००० नोंदलेले प्रेक्षक हवेत, आणि गेल्या १२ महिन्यांत लोकांनी त्यावरील चित्रफिती एकूण ४,००० तास पाहिलेल्या असाव्या लागतात. (अगदी छोट्या फितींचा हिशेब निराळा आहे.) आरंभ करणाऱ्यास हा घाट चढणे कठीण जाते. मग मोह होतो तो भुताचा. ‘या गावात सूर्यास्तानंतर कोणी थांबत नाही’ असा मथळा दिला, मागे वाऱ्याचा आवाज भरला, की तास भराभर साठू लागतात.

अनुवाद हा आमचा रोजचा व्यवसाय असल्यामुळे आमचे लक्ष प्रथम शब्दाकडे जाते. इंग्रजीतील ‘घोस्ट टाउन’ म्हणजे भुतांचे गाव नव्हे. नगर गेले आणि त्याची छाया मागे राहिली, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बोडी नावाचे सोन्याच्या खाणींचे गाव आहे. १८८० च्या सुमारास तेथे हजारो माणसे नांदत होती. सोने सरले, माणसे पांगली. १९६२ पासून ते गाव राज्य ऐतिहासिक उद्यान म्हणून आहे त्या पडझडीसह जपले जाते. त्याला ते नाव मिळाले ते खाणीमुळे, पिशाचामुळे नव्हे. मराठीत तर याहून नेमका शब्द आहे: बेचिराख. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘दिवा नसलेले’. ज्या गावात सायंकाळी दिवा लागत नाही ते बेचिराख. हा शब्द ऐकला, की कोणीही विचारील: दिवा लावणारी माणसे कोठे गेली? ‘भुतांचे गाव’ म्हटले, की हा प्रश्नच मिटतो. आमचा आक्षेप आहे तो येथे.

उत्तराखंडातील ओस खेड्यांना हिंदीत सर्रास ‘भूतिया गाँव’ म्हणतात. तेथील पलायन आयोगाने २०१८ च्या आपल्या अहवालात २०११ नंतर ७३४ वस्त्या पूर्णपणे निर्जन झाल्याची नोंद केली आहे. कारणे विचारली तेव्हा लोकांनी रोजगार, शिक्षण आणि दवाखाना ही सांगितली. भुताचे नाव कोणी घेतले नाही.

फार लांब जावयास नको. करोल बागेच्या कडेला, रिजच्या जंगलात, हनुमानाच्या १०८ फुटी मूर्तीमागे ‘भूली भटियारी का महल’ नावाची एक वास्तू आहे. फिरोजशहा तुघलकाच्या काळातील, म्हणजे चौदाव्या शतकातील, शिकारीच्या वेळचे हे निवासस्थान. वाट चुकलेल्या एका भटियारणीची गोष्ट तिच्याशी जोडलेली आहे. कोणी म्हणतात, बू अली भट्टी या नावाचाच हा अपभ्रंश. आता हे स्थळ झपाटलेले म्हणून प्रसिद्ध आहे, आणि टॉर्च घेऊन येणाऱ्या तरुणांस तेथे काय दिसावयाचे ते येण्यापूर्वीच ठाऊक असते.

याच रिजवर मालचा महाल आहे. २०२३ साली दिल्लीच्या पर्यटन विभागाने भुताटकीच्या सफरी सुरू केल्या त्या येथूनच. अवधच्या राजघराण्याची वारस म्हणविणारी बेगम विलायत महल १९८५ मध्ये आपल्या मुलांसह येथे राहावयास आली. त्यापूर्वी हे कुटुंब नवी दिल्ली स्थानकाच्या प्रतीक्षालयात कित्येक वर्षे ठाण मांडून होते. १९९३ मध्ये बेगमने प्राण दिला. धाकटा मुलगा २०१७ मध्ये एकटाच वारला. त्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एलेन बॅरी यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: ही माणसे मुळात आली कोठून? लखनौ, पाकिस्तान आणि अखेर इंग्लंड असा माग काढून २०१९ मध्ये त्यांनी लिहिले, की राजघराण्याचा दावा खरा नव्हता. हे फाळणीने उन्मळून टाकलेले एक सामान्य कुटुंब होते. भुताच्या सगळ्या गोष्टी एकीकडे ठेवा. अधिक अंगावर येते ती हीच हकीकत.

मालचा हे मुळात एका गावाचे नाव, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि नव्या नगरासाठी ज्या गावांच्या जमिनी घेतल्या त्यांत मालचा होते. तेथील शेतकरी उठून सोनीपतकडे गेले. तेथे हरसाना मालचा या नावात ते गाव अजून उरले आहे. कनॉट प्लेस व त्याच्या आसपासच्या बांधकामासाठी माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार या वस्त्या उठविल्या, आणि तेथील लोकांस १९२० च्या दशकात आणून वसविले ते करोल बागेत. १९४७ नंतर पश्चिम पंजाब व सिंध येथून आलेल्या निर्वासितांनी येथे दुकाने मांडली. म्हणजे ओस झालेल्या गावांचे चित्र काढू इच्छिणाऱ्याने करोल बागेतच तिपाई लावली तरी चालेल. दगडविटा तेथे राहिल्या. गाव येथे आले.

मराठी माणसाने यात आपलेही घर शोधावे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा कायमच्या अवर्षणाचा प्रदेश. शेतीवर पोट भरेना म्हणून येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले, आणि देशात जेथे जेथे सराफकट्टा आहे तेथे तेथे गलाईच्या धंद्यात शिरले. करोल बागेच्या सोन्याच्या पेठेतील गल्ल्यांतही कानावर खानापूर-विट्याकडची मराठी पडते. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. जुने दागिने मुशीत घालून वितळवितात. त्यांत सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळतात. मग तो रस थंड करून तेजाबात सोडतात. तेजाब चांदी व तांबे विरघळवून घेते, आणि तळाशी तपकिरी चुऱ्यासारखे दिसते ते शुद्ध सोने. तेजाबातील चांदीही वाया जात नाही. त्यात तांब्याची पट्टी ठेवली, की ती पुन्हा खाली बसते. कोंदट खोली, भट्टीची धग आणि डोळ्यांत चुरचुरणारा धूर, असे हे जीवन आहे.

आता या गलाईवाल्यांच्या गावी जा. पक्की, रंगविलेली घरे, सज्जे, लोखंडी दरवाजे. आणि त्यांतील कित्येकांना कुलुपे. कोठे एखादी म्हातारी ओसरीवर बसलेली. परक्या माणसाने ही गल्ली दुपारी चित्रित केली तर तो तिला खुशाल भुतांचे गाव ठरवील. परंतु जत्रेला, दिवाळीला, लग्नसराईत याच. तमिळनाडू, बंगाल, पंजाब येथून माणसे येतात, आणि त्यांची मुले तीन-चार भाषांतून एकमेकांशी भांडतात. शिवाय टेंभू योजनेने कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणल्यापासून द्राक्ष-डाळिंबाचे मळे उभे राहिले आहेत. कुलूप हे ओसाडपणाचे चिन्ह नव्हे. कोणीतरी परत येणार आहे, याचे ते चिन्ह आहे.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की पळसनाथाचे प्राचीन मंदिर वर येते आणि होड्यांतून कॅमेरे तेथे पोहोचतात. नवे पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्यावर नांदते आहे. मंदिराचे शिखर दाखविणाऱ्याने तेथे उतरून सत्तरीच्या पुढील दोन माणसांस एवढेच विचारावे: तुमचे घर कोणत्या आळीत होते? निघताना दाराच्या चौकटी आणल्या की सोडल्या? पाणी उतरले, की तुम्ही पाहावयास जाता का? चित्रफितीस निम्मा प्राण येथेच येईल.

आपल्या भाषेत ही दृष्टी नवी नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. १८५८ मध्ये झाशी लुटली गेली, ती त्यांनी आत राहून पाहिली. ‘माझा प्रवास’ हा त्यांचा ग्रंथ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला. झाशीचे वर्णन वाचताना मन हलते, कारण लुटीपूर्वीचे भरले नगरही भटजींनी पाहिले होते.

आता घरच्यांनी मुलांस बजावावयाच्या काही गोष्टी. संरक्षित वास्तूत तिपाई लावून चित्रण करावयाचे तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी काढावी. ड्रोन उडविण्यापूर्वी २०२१ च्या नियमांनुसार त्या जागेचा नकाशा पाहावा. राजधानीचा मोठा भाग त्यास बंद आहे. पडक्या घरातून स्मृतिचिन्ह म्हणून वीटही उचलू नये. आणि कुलूपबंद घराचा दरवाजा, क्रमांक किंवा तेथे जाण्याचा रस्ता ओळखू येईल असे चित्र कधीही प्रसिद्ध करू नये. ते पाहणाऱ्यांत चोरही असतात. ओसरीवरील म्हातारीस विचारल्यावाचून तिच्याकडे कॅमेरा वळविणे हे तर शिष्टाचारातच बसत नाही.

धनुष्कोडीस जाणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने ते नगर बुडविले. पांबनहून निघालेली आगगाडी शंभराहून अधिक प्रवाशांसह वाहून गेली, आणि सरकारने ती जागा वस्तीस अयोग्य ठरविली. २०१७ पासून भूमीच्या टोकापर्यंत पक्की सडक आहे. चर्चच्या भिंतींजवळ कोळ्यांच्या झोपड्या आहेत, शंखशिंपल्यांची दुकाने आहेत, तळलेल्या मासळीचा वास आहे. निर्मनुष्य नगराचे दृश्य हवे असेल, तर त्या दुकानदारांस ‘जरा बाजूला व्हा’ असे सांगावे लागते.

लहान शहरांतील मुक्काम, खानावळी व एस.टी.च्या वेळा यांविषयी पुढील अंकी.