वंशावळीत लेकी कुठे आहेत?

कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसिलातल्या अभिलेख कक्षांपुढे रांगा लागल्या. ज्या घरांत पणजोबांचं नावही कुणाला सांगता येत नव्हतं, ती घरं खापरपणजोबांपर्यंत पोचली. मोडी वाचणाऱ्याला पुन्हा मान आला. आयुष्यभर तलाठ्याची नोकरी केलेल्या मला याचा मनापासून आनंद आहे. वाईट एवढंच वाटतं, की कुणबी जातीचा दाखला हाती पडला की लोक शोध तिथंच सोडून देतात.

‘आमचा काही छापील कुलवृत्तान्त नाही, सुरुवात कुठून करायची?’ असं शेतकरी घरातली मंडळी विचारतात. मी सांगतो, जुना हस्तलिखित सातबारा काढा. नावांशेजारी वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे क्रमांक. एकेक फेरफार काढत मागं गेलं की कोण कधी वारलं, कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, हे उलगडत जातं. त्याच्याही मागं जायचं तर गाव नमुना 14 आहे, म्हणजे आपलं कोतवाल बुक. शाळेचं जुनं रजिस्टर आहे. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्या तोंडपाठ सांगणारे हेळवी आहेत.

पण माझा आग्रह वारसाच्या फेरफारासाठी आहे. आमचे पणजोबा 1958 साली गेले. दोनच वर्षांपूर्वी हिंदू वारसा कायदा आला होता, त्यामुळं वारसांत तीन मुलांच्या जोडीला चार मुलीही लागल्या, सासरच्या आडनावांसह आणि गावांसह. लगेच पुढचा फेरफार हक्कसोडाचा. दस्ताच्या नकलेवर डाव्या अंगठ्याचे चार ठसे आहेत. त्यानंतर सातबाऱ्यावर तिघं भाऊ उरले, आणि भावकीनं मागाहून तयार केलेल्या वंशावळीतही तिघंच. नोकरीत अशा जोडनोंदी मी शेकड्यानं पाहिल्या. बहुतेक बहिणींनी माहेर तुटू नये म्हणून अंगठा दिला होता. जमिनीवरचा हक्क त्यांनी सोडला, घराण्यातलं नाव नव्हे. ते आपण खोडलं.

त्या चौघींतल्या थोरलीला मी फेरफारातल्या गावावरून शोधून काढलं, तेव्हा ती हयात होती. माझ्या वडिलांची ती आत्या. आमचं घराणं प्लेगात कोयनेच्या खोऱ्यातून उठून आलं, हे मला तिनं सांगितलं. मूळ गावाचं नाव, देवीची जत्रा, पालखीचा मान कुणाचा, सगळं तिला तिच्या आजीकडून दळताकांडताना कळलेलं. ते गाव आता शिवसागर जलाशयात आहे. आमच्या एकाही पुरुषाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता सरकारी कागदावर आईचं नाव येतं. सरकारला जे सुचलं ते भावकीला का सुचू नये? वंशावळ पुन्हा छापाल तेव्हा लेकी आणि सुना, दोघींची नावं माहेर-सासरच्या गावांसकट घाला. आणि नकलेचा अर्ज करताना वारसाचा फेरफार एकटा मागू नका, त्याच्या मागोमागचा हक्कसोडाचाही मागा.