चढताना दम लागतो, उतरताना वय कळते

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत, गाड्या येऊन लागतात. गडाच्या वाटेला लागणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, तशीच साठी ओलांडलेली मंडळीही असतात. डोक्याला टोपी, हातात काठी, पाठीवर छोटी सॅक. यातले कित्येक जण वर्षानुवर्षे न चुकता येतात आणि सुमारे ६०० मीटरचा चढ एका लयीत, फारसे न थांबता चढून जातात. पुणे दरवाजातून आत शिरले, की मडक्यातले दही, कांदाभजी, पिठले-भाकरी आणि ‘या वयात काय चढता हो काका!’ ही तरुणांची दाद ठरलेली.

खरी परीक्षा त्यानंतर असते. उतरणीच्या मुरमाड वाटेवर मांड्या थरथरू लागतात, गुडघ्यांवर भार जाणवतो, एखादे पाऊल सरकते आणि माणूस तिथेच बसतो. सोमवारी सोसायटीचा जिना कठडा धरून, आडवे होत उतरावा लागतो. मग घरात निकाल लागतो : ‘बाबा, आता पुरे झाला गड. बागेत चाला.’ शेजारी, नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरही त्यावर शिक्कामोर्तब करतात.

हा निकाल घाईचा आहे. बाबांचे हृदय आणि फुप्फुसे त्यांना गडावर घेऊन गेली होती. कमी पडले ते उतारावर ब्रेक लावणारे स्नायू. हे स्नायू साठीत, सत्तरीत, अगदी नव्वदीतही कमावता येतात. मात्र नुसत्या चालण्याने ते कमावले जात नाहीत. उतारवयात डोंगर सुटतो तो बहुतेकदा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

वय आधी कुठे गाठते?

ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित आणि कसून व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी, काही अभ्यासांत जवळपास निम्मी, दिसते. शिवाय दम कमी पडला तर त्यावर उपाय सोपा असतो : वेग कमी करायचा. चार ठिकाणी थांबून, गप्पा मारत चढणाऱ्याचे डोंगर काही बिघडवत नाही.

स्नायूंचे गणित याहून कठोर आहे. तिशीनंतर दर दशकात तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद लवकर घटते आणि ताकदीपेक्षाही लवकर घटते ती क्षणात जोर लावण्याची क्षमता. झटपट काम करणारे स्नायुतंतू वयाबरोबर अधिक बारीक होतात, हे त्याचे कारण. ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम याच तंतूंचे. त्यामुळे एकाच दगडाला अडखळून पंचविशीतला मुलगा सावरतो आणि पासष्टीतले काका पडतात.

उतार नेमका इथेच बोट ठेवतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार पेलतो. म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. या कामाला ऑक्सिजन कमी लागतो. दम लागत नाही, म्हणून उतरणे सोपे वाटते आणि माणूस फसतो. दरम्यान स्नायूंमध्ये सूक्ष्म इजा होत असतात. त्यांचे दुखणे एक-दोन दिवसांनी भरात येते. रविवारच्या गडाचा हिशेब सोमवारी-मंगळवारी मांडला जातो तो असा.

यातली दिलासा देणारी बाब म्हणजे स्नायू हा धडा पटकन शिकतात. एकदा असा ताण सोसला, की पुढचे काही आठवडे तशाच ताणाने होणारी इजा आणि दुखणे कमी असते. उताराची सवय उतारानेच लागते. उलट, तीन-चार महिने घरी बसून पावसाळ्यातल्या पहिल्या ट्रेकला थेट निसरड्या उतारावर जाणे, हा दुखापतीला दिलेला निमंत्रणाचा नारळ असतो. बागेतली सपाट फेरी हृदयाला, साखरेला, मनाला चांगली. पण तिच्यात ब्रेक लावण्याचा सराव जवळजवळ नसतो. गड बंद करून फक्त बाग सुरू केली, तर जे कमी पडले होते ते आणखी कमी पडत जाते.

जॉस नेलरची ७० शिखरे

डोंगरात म्हातारे होणे म्हणजे काय, हे पाहायचे तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या जॉस नेलर यांच्याकडे पाहावे. १९३६ साली जन्मलेला हा मेंढपाळ डोंगरधावक म्हणून जगभर ओळखला गेला. तरुणपणीच त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही १९७५ मध्ये त्यांनी २४ तासांच्या आत ७२ शिखरे पालथी घातली. १९९६ मध्ये, वयाच्या साठीला, त्यांनी ३६ तासांत ६० शिखरे केली. २००६ मध्ये, सत्तरीला, ७० शिखरे : ८० किलोमीटरहून जास्त अंतर, सुमारे ७,६०० मीटरचा एकूण चढ, तोही २१ तासांच्या आत. २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

असे शरीर लाखांत एखाद्याचे, हे खरेच. पण त्यांच्या दिनक्रमात सर्वांसाठी एक धडा आहे. मेंढ्यांमागे वर जाणे, खाली येणे, ओझी उचलणे, दगडी बांध नीट करणे, हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांचा डोंगर फक्त रविवारी उगवत नव्हता. शहरातल्या साठीच्या माणसाला मेंढ्या पाळता येणार नाहीत, पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत पायांना काम देता येते.

खुर्ची, जिना आणि बैठका

ताकद कमावायला वयाची मर्यादा नाही, याचा गाजलेला पुरावा १९९० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमधून आला. तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या १० जणांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा चांगला जड व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग छोटा होता, पण ‘आता या वयात काय व्हायचे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम आहे, आणि ६५ वर्षांपुढच्यांसाठी तीन दिवस तोल व ताकद यांचा मिश्र व्यायाम. आपल्याकडे यातली १५० मिनिटे सर्वांना पाठ असतात. उरलेला भाग वगळला जातो.

या व्यायामासाठी जिम असलीच पाहिजे असे नाही. तालमीतल्या बैठका आपल्या मातीतल्याच आहेत. साठीनंतर सुरुवात करणाऱ्याने मात्र थेट खोल बैठका न मारता खुर्चीपासून सुरू करावे. हात न टेकता खुर्चीतून उठायचे आणि चार आकडे मोजत हळूहळू बसायचे. त्या हळू बसण्यातच उताराचा सराव आहे. ते जमले, की जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून एक पाय सावकाश जमिनीला टेकवायचा आणि पुन्हा वर घ्यायचा. कठडा हाताशी ठेवावा. टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम करावा. आठ-दहा वेळा सहज होऊ लागले, की पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या वाढवत जायच्या. आठवड्यात दोन-तीन दिवस आणि मध्ये एक दिवस विश्रांती एवढे पुरते. वयाबरोबर स्नायू भरून यायला जास्त वेळ लागतो आणि स्नायूबंधांना तर त्याहून जास्त. त्यामुळे विश्रांतीचा दिवस आळशीपणात मोजू नये.

तोल हा वेगळा विषय आहे. सकाळी दात घासताना एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०० जणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना हे जमले नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. पण शरीर कुठे आहे, हे ती दहा सेकंदे सांगतात. डोंगरावर तोलाला मदत हवीच. उतारावर दोन काठ्या गुडघ्यांवरचा भार हलका करतात. त्या वापरण्यात कमीपणा मानणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात आणि त्यांचीच समजूत सर्वांत आधी काढावी लागते.

व्यायामाला खाण्याची जोड लागते. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. दुपारी वरण-भात आणि रात्री ‘हलके म्हणून’ खिचडी किंवा दूध-पोळी, यात तेवढी होत नाहीत. दही, पनीर, उसळी, सोयाबीन, चालत असेल तर अंडी-मासे प्रत्येक जेवणात हवेत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणि गुडघे? ‘धावल्याने झिजतात’ ही समजूत घट्ट बसली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्के दिसले. स्पर्धेसाठी अतिधावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होते. मुळातच गुडघे चांगले असणारे लोक जास्त धावतात, हेही त्यामागे असू शकते. तरी मध्यम मार्गाने धावणाऱ्याला घाबरवण्यासारखे यात काही नाही.

छातीचे ऐकावेच

हट्ट आणि तयारी यांतला फरक हृदयाच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो. ऑस्ट्रियाच्या आल्प्समधल्या अभ्यासांनी दाखवले आहे, की डोंगरात चालताना अचानक होणाऱ्या हृदयमृत्यूंत मध्यमवयीन आणि त्यापुढचे पुरुष जास्त असतात. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आणि सराव नसलेल्यांना धोका अधिक असतो. एरवी काही न करता वर्षातून एकदा गड ‘मारणाऱ्या’ गृहस्थांनी हे लक्षात घ्यावे. पन्नाशीनंतर नव्याने सुरुवात करताना रक्तदाब, साखर, ईसीजी पाहून घ्यावे आणि डॉक्टरांनी सुचवले तर स्ट्रेस टेस्टही करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यांपेक्षा ‘चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का?’ ही कसोटी बरी. वयाबरोबर तहानही कमी जाणवते, म्हणून ठरवून पाणी प्यावे. चढण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय तर सोडावीच. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना इजा करू शकते. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ, एरवी न लागणारा दम, यातले काहीही झाले तर शिखर दहा मिनिटांवर असले तरी थांबायचे.

थांबणे म्हणजे हार नव्हे. वयाच्या ८० व्या वर्षी, २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेले जपानचे युइचिरो मिउरा २०१९ मध्ये ८६ व्या वर्षी अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वावर गेले. सोबतच्या डॉक्टरांनी सुमारे ६,००० मीटरवर ‘पुरे’ म्हटले आणि ते परत फिरले.

डोंगर तोच, वेळ जास्त

नेलर यांच्या नावाने लेक डिस्ट्रिक्टमध्ये एक आव्हान आहे, फक्त पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. अंतर सुमारे ७७ किलोमीटर, ३० शिखरे. पन्नास ते चोपन्न वयाच्यांना १२ तास, पुढच्या गटाला १४, साठी ओलांडलेल्यांना १८ आणि पासष्टीपुढे २४ तास. वाट तीच, शिखरे तेवढीच. बदलतो तो फक्त वेळ. उतारवयाचा इतका सन्मान करणारा नियम क्वचित सापडेल.

आपल्याकडे सह्याद्रीत ट्रेक काढणाऱ्या गटांची आणि डोंगरी शर्यतींची संख्या वाढते आहे. वयोगटानुसार बक्षिसे अनेक ठिकाणी असतात, पण वेळेची मर्यादा बहुधा सर्वांना सारखीच. ट्रेकला तर ‘दुपारपर्यंत खाली’ हे गणित तरुणांच्या पायांवर बेतलेले असते. मागे पडलेल्या काका-काकूंना घाई केली जाते आणि घाई उतारावरच होते. ज्येष्ठांच्या तुकडीला तासभर आधी निघू देणे, उतरण्यासाठी चढण्याइतकाच वेळ धरणे, एवढे केले तरी बरीच पडझड टळेल.

घरच्यांनीही आपला निकाल बदलायला हवा. हा निकाल आईच्या वाट्याला तर बाबांच्याही आधी येतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. त्या वयात बाईला ताकदीच्या व्यायामाची गरज जास्त असताना तिला ‘गुडघे दुखतात ना, बस जरा’ असे सांगितले जाते. नवरात्रात कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढून १,६४६ मीटरवरच्या देवीपर्यंत जाणाऱ्या साठीच्या बायका त्या भागात कुणाला नवल वाटत नाहीत. त्यांचे पाय वर्षभर शेतातल्या आणि घरातल्या कामाला जुंपलेले असतात.

म्हणून पुढच्या वेळी गडावरून परतलेले बाबा जिन्यात कठडा धरताना दिसले, तर त्यांना बागेत धाडू नये. त्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर, मंगळवारी दुखणे ओसरल्यावर, त्यांच्यासोबत उभे राहावे. एक पाय सावकाश खाली, चार आकडे मोजत. दोन-तीन महिने हे नेटाने चालले, तर सिंहगडाच्या उतारावर त्याचा फरक जाणवेल.