पायाच्या प्लॅस्टरमागे बाकीच्या जखमा लपू देऊ नका

रस्त्यावरच्या अपघातात मांडीचं हाड मोडलं, की घरच्यांचं आणि डॉक्टरांचं सगळं लक्ष त्या पायाकडे लागतं. साहजिकच आहे. पण त्याच वेळी डोक्यालाही मार लागलेला असतो, खांदा वर जात नसतो. दोन महिन्यांनी पाय सावरतो, आणि मग जाणवतं की माणूस नावं विसरतोय, त्याला वास येत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून तो चिडतोय. केसपेपरवर यातलं काहीच नसेल, तर भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील विचारणारच, याचा अपघाताशी संबंध काय? म्हणून कळकळीची विनंती आहे, लहानसं दुखणंही पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून लिहून घ्या. डोक्याला मार लागलेल्याला स्वतःतला बदल अनेकदा कळत नाही. तो बायकोने, आईने डॉक्टरांच्या कानावर घालायला हवा.

आता टक्क्यांचं. उजव्या हाताला ६० टक्के आणि डाव्या पायाला ८० टक्के अपंगत्व आलं, तर संपूर्ण शरीराचं अपंगत्व १४० टक्के होत नाही. हे उदाहरण सर्वोच्च न्यायालयानेच राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात दिलं आहे. सगळ्या जखमा मिळून संपूर्ण शरीरावर किती परिणाम झाला, हे आधी पाहतात. मग त्यामुळे या माणसाची कमवण्याची ताकद किती गेली, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. तो आकडा डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यापेक्षा कमी निघेल किंवा जास्तही. डावा हात गेला तर सुताराचा, ड्रायव्हरचा धंदाच बसतो. कारकुनाची नोकरी टिकू शकते. तेव्हा नुसत्या दाखल्यावर विसंबू नका. गवंडी असाल तर पाटी उचलता येत नाही, परांचीवर चढता येत नाही, हे साक्षीत स्पष्ट सांगा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीही साक्ष व्हावी, असा वकिलांकडे आग्रह धरा.

याने केवढा फरक पडतो पाहा. वय ३८, महिन्याची कमाई १५,००० रुपये. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, १५. कमवण्याची ताकद २० टक्के गेली असं धरलं, तर ५,४०,००० रुपये होतात. ४० टक्के धरली, तर १०,८०,०००. उपचारांचा खर्च, बुडालेले पगार, सोसलेल्या वेदना, पुढची ऑपरेशनं यांची भरपाई वेगळी. घरच्या कुणी काम सोडून सेवा केली असेल, तर तेही वकिलांना सांगा.

दावा मात्र लवकर दाखल करा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अपघात दूरच्या जिल्ह्यात झाला असला, तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. तडजोडीची घाई करू नका. पायातली सळई काढायची बाकी असताना ‘पूर्ण आणि अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही केलीत, तर पुढच्या खर्चाची वाट बहुधा तिथेच बंद होते.