खुनाचं खापर भूकंपावर

दोस्तांनो, 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द आधी फाडून टाका. ज्यांच्या भिंती पक्क्या, त्यांच्या सोयीचा शब्द आहे हा. निसर्ग म्हणे आंधळा असतो. मग त्याला दरवेळी झोपडीचाच पत्ता बरा सापडतो?

हैतीचंच घ्या. १२ जानेवारी २०१० ला तिथं ७.० चा भूकंप झाला. मेलेल्यांचा आकडा कुणी लाखाच्या वर सांगतो, कुणी तीन लाख. मुडदेसुद्धा धड मोजले गेले नाहीत. दीड महिन्यानं, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ चा भूकंप झाला. सुमारे पाचशे पट ताकदीचा. तिथं मेले पाचशेच्या आसपास. हैतीचा धक्का राजधानीला खेटून होता, कबूल. पण तेवढ्यानं हिशेब जुळत नाय. चिलीत घर कसं बांधायचं याचा कडक कायदा होता. हैतीत पोरं कच्च्या सिमेंटच्या स्लॅबाखाली शिकत होती, झोपत होती.

आणि भूकंप तरी कशाला हवा? ७ नोव्हेंबर २००८ ला तिथल्या पेत्यों-व्हिलमधली एक शाळा चालू असताना कोसळली. जमीन तसूभर हलली नव्हती. नव्वदच्या वर जीव गेले, बहुतेक पोरांचे. शाळेचं नाव 'ला प्रोमेस'. म्हणजे वचन!

आता पांढरपेशे विचारतील, हे लोक एवढे गरीब का? आळशी असतील, पोरं फार काढत असतील. हे पुराण आपण आपल्या वस्तीबद्दलही ऐकलंय. खरं कारण ऐका. १७९१ ला हैतीच्या काळ्या गुलामांनी मळेवाल्या मालकांविरुद्ध बंड केलं. नेपोलियनची फौज धुळीला मिळवली आणि १८०४ ला स्वतःचा देश उभा केला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पण त्याच अमेरिकेच्या सरकारनं या गुलामांच्या देशाला १८६२ पर्यंत मान्यता दिली नव्हती. आणि फ्रान्स? १८२५ ला तोफांची जहाजं हैतीच्या किनाऱ्याला लावून त्यानं बिल फाडलं: १५ कोटी फ्रँक. कशाचे? मालकांची 'मालमत्ता' गेली त्याचे. म्हणजे माणसानं स्वतःच्याच कातडीची किंमत मालकाला मोजायची! पुढं ते ९ कोटींवर आणलं. ते फेडायला पॅरिसच्या बँकांकडूनच कर्ज काढायला लावलं. त्या कर्जांची शेपटी १९४७ पर्यंत चालली. आपल्याकडं झेंडा फडकला तोवर तिथं आजोबाच्या बेडीचे हप्ते नातू भरत होता. त्या पैशात किती शाळा, किती नळ, किती दवाखाने झाले असते? पोरं तिथंच मेली, दोस्तांनो. भूकंपाच्या कितीतरी आधी.

मग पाण्याची गोष्ट. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा आला. शंभर वर्षांत तिथं त्याची नोंद नव्हती. आणला कुणी? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण ओढ्यात गेली, ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत. वरच्यांचा मैला खालच्यांच्या घशात. हा भूगोल आपल्याला कुणी शिकवायला नको! आठ लाखांच्या वर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. कॉलऱ्यात लहान पोर काही तासांत सुकून मरतं. त्यावर औषध काय? मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ ला बनगावच्या निर्वासित छावणीत एवढ्यावर हजारोंना वाचवून दाखवलं. चाळीस वर्षांनंतरही हैतीच्या पोराला ते वेळेवर मिळू नये, याला रोग म्हणायचं का राजकारण?

लोक कोर्टात गेले. संयुक्त राष्ट्रांनी कायद्याचं कवच पुढं केलं, खटला उडाला. डिसेंबर २०१६ ला माफी मागितली, ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. जमला त्यातला नखाएवढा वाटा. २०२२ ला कॉलरा परत आला.

आणि दयाळू लोक? भूकंपानंतर अमेरिकेतले काही धर्मप्रेमी ३३ पोरं 'अनाथ' म्हणून सरहद्दीपार न्यायला निघाले. पकडल्यावर कळलं, पोरांचे आईबाप जिवंत आहेत. गरिबाचं पोर म्हणजे बेवारस माल, असंच या दयेला वाटतं. मी गोदीत पोती उचलतो. मदतीचं पोतं आणि धंद्याचं पोतं पाठीला सारखंच लागतं. हैतीत आधी तांदळावरची जकात तीन टक्क्यांवर आणायला लावली. अमेरिकेचा स्वस्त तांदूळ घुसला, तिथला शेतकरी मेला. २०१० ला क्लिंटननं स्वतः कबूल केलं की फायदा आर्कान्सातल्या शेतकऱ्यांचा झाला. आधी ताट हिसकायचं, मग घास भरवतानाचा फोटो काढायचा!

म्हणून सांगतो, उपाशी पोराचे डोळे छापून वर्गणीचा डबा तुमच्यासमोर वाजवतील तेव्हा जमलं तर पैसे टाका. पोट थांबत नाही. पण डोळे पुसत घरी जाऊ नका. डबेवाल्याला विचारा, ही भिंत कुणी बांधली? हा नळ कुणी तोडला? या पोराच्या पणजोबाकडून कुणी किती वसूल केलं? दया वरून खाली येते, देणाऱ्याच्या मर्जीनं. आपल्याला हिशेब पाहिजे. आणि तो व्याजासकट पाहिजे.